विरोधानंतरचे काम : आपल्या चळवळीने काय उभे केले, त्याचे अनुभव लिहा

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर जे मोर्चे निघाले, त्यांतल्या फार मोठ्या भागाची मागणी एकच होती : हाताला काम द्या. ही मागणी सरकारच्या निषेधापुरती राहिली असती तर पाऊस पडताच विरून गेली असती. तसे झाले नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कामाच्या हमीची कल्पना, तिच्यासाठी 1975 पासून शहरातल्या पगारदारांकडून घेतलेला व्यवसाय कर, 1977 चा कायदा आणि 1979 पासून झालेली त्याची अंमलबजावणी, अशा वाटेने ती पुढे गेली आणि 2005 साली देशभराच्या कायद्यात उतरली. रस्त्यावरच्या संतापाचे हजेरीपत्रकात रूपांतर झाले, हे मला आपल्या राज्याच्या राजकारणातील सर्वांत अभिमानास्पद कामांपैकी एक वाटते.

गेली काही वर्षे पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या मंडळींची बैठक कुठेही असो, काय थांबवायचे याची यादी लांबलचक असते आणि काय घडवायचे यावर आले की सगळे गप्प होतात. म्हणून हे आवाहन आहे. आपण ज्या चळवळीत होता किंवा आहात, तिथे ‘हे नको’ म्हणून झाल्यावर ‘हे हवे’ हे कधी, कुणी आणि कसे ठरवले? शक्यतो तपशील लिहा. व्यक्तींची खासगी नावे टाळावीत.

खानापूर तालुका, सांगली जिल्हा

मी सासरी आले तेव्हा आमचे बळीराजा स्मृती धरण झालेले होते. पुढचे बरेचसे सासूबाईंकडून ऐकलेले आहे. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेली माणसे आमच्याकडे दुष्काळाच्या प्रश्नावर एकत्र आली आणि मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या, त्यामुळे पहिला लढा वाळू थांबवण्याचा होता. परंतु डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावकऱ्यांपुढे त्यापुढचा प्रश्न ठेवला, की वाळू थांबली तरी पाणी कुणाचे? तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी त्याचे उत्तर बळीराजा स्मृती धरण बांधून दिले. त्या धरणाची अट अशी, की पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला मिळावा आणि भूमिहीनांनाही तो नाकारला जाऊ नये.

सासूबाई सांगत, की सर्वाधिक वाद याच अटीवर झाला. ज्याला रान नाही त्याने पाणी काय करायचे, असे बागायतदार विचारत. त्यावर भूमिहीन बायांनीच सांगितले, की आमच्या वाट्याचे पाणी घेऊन आम्ही दुसऱ्याचे रान वाट्याने करू. आज नुसते हात घेऊन जातो, उद्या पाणी घेऊन जाऊ, म्हणजे वाटा ठरवताना आमचेही ऐकावे लागेल. समन्यायी पाणीवाटपावर पुढे पुष्कळ परिषदा झाल्या, आटपाडीच्या पाणी परिषदेचे नाव तर सर्वांना ठाऊक आहे. पण मला त्या सगळ्याचा गाभा या उत्तरात दिसतो.

फोंडा, गोवा

2006 च्या अखेरीस प्रादेशिक आराखडा 2011 (राज्यातली कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा आराखडा) याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले, तेव्हा मी महाविद्यालयात शिकवत होतो. डोंगर, शेते आणि वनराई आराखड्यात रंग बदलून वसाहतींत गेलेली दिसत होती. जानेवारी 2007 मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. अनेकांच्या दृष्टीने लढाई तिथे संपली. माझ्या मते खरी अवघड गोष्ट तिथे सुरू झाली, कारण नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलाने, ज्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते, मसुदा गावागावांत पाठवला आणि तुमच्या गावाचे पुढे काय व्हावे ते तुम्हीच सांगा, असे विचारले.

आमच्या पंचायतीच्या सभागृहात सर्वेक्षणाचे नकाशे टेबलावर पसरले होते आणि कडेने रंगीत पेन्सिली ठेवल्या होत्या. आंदोलनात घसा फुटेपर्यंत घोषणा दिलेली माणसे पहिल्या बैठकीत त्या नकाशाकडे पाहत गप्प उभी राहिली. शेवटी एका वयस्क शेतकरणीने बोट ठेवून खाजन शेतीची (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीची) मानस, म्हणजे पाण्याची झडप, कुठे आहे ते दाखवले, भरतीचे पाणी कुठून आत येते आणि बांध फुटला तर कुठली शेते खारट होतात ते सांगितले, आणि तिथून सर्वांना कंठ फुटला. झरी, तळी, देवराई, गुरांची वाट, पावसाळ्यात पाणी साचते ती सखल जागा, असे एकेक नोंदवत गेलो. मग तरुण मुलांनी विचारले, की सगळे राखायचेच आहे तर आम्ही घरे कुठे बांधायची आणि कामधंदा कुठे करायचा? हा प्रश्न आंदोलनाच्या काळात कुणी विचारला असता तर त्याला बिल्डरांचा माणूस ठरवले गेले असते. नकाशासमोर मात्र त्याचे उत्तर शोधावेच लागले, आणि वस्तीलगतच्या कोणत्या जमिनी घरांसाठी द्याव्यात यावरही खुणा झाल्या.

हा नवा प्रादेशिक आराखडा 2021 अधिसूचित झाला आणि 2012 साली स्थगित झाला, हे वाचकांना माहीत असेल. तरीही त्या बैठका वाया गेल्या असे मी मानत नाही. त्यानंतर ग्रामसभेत एखाद्या बांधकामाचा विषय आला की लोक झर कुठे आहे ते आधी विचारतात, आणि विरोध करताना पर्यायी जागाही सुचवतात.

कोरची तालुका, गडचिरोली जिल्हा

आमच्या भागात विरोधाची परंपरा जुनी आहे. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन केले, ज्यात लाल श्याम शाह आणि बाबा आमटे होते. त्याच काळात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ठरवले, की जंगल वाचवायचे असेल तर गावाने स्वतःचा कारभार स्वतः करायला शिकले पाहिजे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. मात्र तिच्यामागे अभ्यास गटांची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची वर्षानुवर्षांची सवय आहे, ती बाहेरून आलेल्यांना सहसा दिसत नाही. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला, 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला.

मी ग्रामसभांचा हिशोब लिहिण्याचे काम करते. आमच्याकडे झेंडेपारच्या लोहखनिज खाणीला विरोध सुरू होता आणि आहे. सुनावणीला जाणे, निवेदने देणे, मोर्चे काढणे, हे सगळे चालले असताना एक प्रश्न दर वेळी समोर येई : खाण नको, तर तुमची मुले काय खाणार? ‘जंगल’ हे उत्तर खरे होते, पण ते आकड्यांत सांगता येत नव्हते. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ते सांगता येऊ लागले.

तेंदूपानांचा पहिला लिलाव ग्रामसभांनी स्वतः करायचा ठरवला तेव्हाची तयारी मला नीट आठवते. ग्रामसभेच्या नावाने बँकेत खाते काढायचे होते आणि एका शाखेत आम्हाला पुन्हा पुन्हा परत पाठवले गेले, कारण ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे हे समजावूनही कुणाला पटत नव्हते. खाते निघाल्यावर पॅन कार्ड, मग निविदेची जाहिरात, मग ठेकेदाराशी करायचा करारनामा. करारनाम्याचे एकेक कलम सभेत मोठ्याने वाचून गोंडीतून समजावले गेले. पावसाने पाने भिजली तर नुकसान कुणाचे, या कलमावर बराच वेळ गेला आणि ते शेवटी बदलून घेतले गेले. हंगाम संपल्यावर मजुरी, रॉयल्टी आणि शिल्लक यांचे आकडे मी समाजमंदिराच्या भिंतीवर लिहिले. आपल्या नावापुढे किती पुडे लिहिलेत ते शाळकरी नातवाकडून वाचून घेणारी एक आजी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, दोन दिवसांची पाने कमी लिहिली आहेत. तिचे बरोबर होते आणि नोंद दुरुस्त झाली. सरकारी किंवा खासगी फळीवर (पाने मोजून घेण्याच्या जागी) तिने असे कधी विचारले नव्हते.

पुढे तालुक्यातील ग्रामसभांची महाग्रामसभा झाली. तिच्यात बायकांचे प्रतिनिधित्व बायकांनी भांडून मिळवले, कारण जंगलात सर्वाधिक वावर त्यांचा असूनही कागदावर नावे पुरुषांची येत होती. आता व्यवस्थापन आराखड्यात कोणत्या कक्षात बांबू किती वर्षे तोडायचा नाही, मोह आणि चारोळीची झाडे कशी राखायची, वणवा लागू नये म्हणून काय करायचे, हे लिहिलेले असते. खाणीच्या विषयावर कुणी अधिकारी बोलायला आले की आम्ही घोषणांबरोबर ही वही पुढे ठेवतो. यामुळे सगळे प्रश्न सुटले असे मुळीच नाही; व्यापारी एकी करून भाव पाडतात आणि काही गावांत हिशोबावरून भांडणेही झाली आहेत. परंतु ती भांडणे आता आमच्या पैशांची आणि आमच्या निर्णयांची असतात.

डब्लिन, आयर्लंड (मूळ बेळगाव)

सविता हलप्पनवार बेळगावच्या होत्या, म्हणून 28 ऑक्टोबर 2012 नंतरचे दिवस माझ्यासाठी केवळ बातमीचे नव्हते. 1983 च्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता आणि गर्भपात नाकारला गेल्यावर जंतुसंसर्गाने त्यांचा गॉलवेत मृत्यू झाला. आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो, खूप रडलो, खूप चिडलो. त्या संतापाशिवाय पुढचे काही घडले नसते.

परंतु देश बदलला तो आणखी एका टप्प्यानंतर. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या 99 सामान्य नागरिकांच्या सभेने महिनोन्महिने डॉक्टर, वकील आणि स्त्रिया यांचे म्हणणे ऐकले आणि कायदा बदलण्याची शिफारस केली. त्यानंतर प्रचार सुरू झाला तेव्हा आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले, की दारावर वाद घालू नका, विचारा आणि ऐका. मी नागरिक नसल्याने सार्वमतात मला मत नव्हते, तरी मी दारोदार फिरले. धर्मगुरूंवर किंवा जुन्या कायद्यावर टीका करण्यापेक्षा, तुमच्या मुलीला रुग्णालयात कशी वागणूक मिळावी असे विचारले की लोक दार बंद करत नसत. एका शेतकरी आजोबांनी आपल्या बहिणीची पन्नास वर्षे न सांगितलेली हकीकत उंबऱ्यावर उभ्या उभ्या सांगितली. 25 मे 2018 रोजी 66.4 टक्के मते बदलाच्या बाजूने पडली आणि जानेवारी 2019 पासून ही सेवा रुग्णालयांत व दवाखान्यांत मिळू लागली. भारतातल्या माझ्या मैत्रिणींना मी त्या दारावरच्या पद्धतीबद्दल आवर्जून सांगते.

बीड जिल्हा

वरचे अनुभव वाचून मला एक कडू गोष्ट लिहावीशी वाटते. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा सावकारी आणि खासगी कारखानदारीला दिलेले ते आशेचे उत्तर होते. ते स्वप्न खरे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या स्वप्नात ऊस लावणारा सभासद झाला आणि ऊस तोडणारा बाहेर राहिला. माझे आईवडील एक कोयता म्हणून मोजले जात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये संसार भरायचा, कारखान्याजवळ कोपी (तात्पुरती झोपडी) घालायची, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही तिथेच जायचे, हे मी लहानपणी पाहिले आहे.

कोयता बंद ठेवून संप केला की दर थोडा वाढतो. त्या पलीकडचे मागणे मांडायला आमच्या पिढीने आता सुरुवात केली आहे : गावच्या पातळीवर प्रत्येक तोडणी कामगाराची स्वतंत्र नोंदणी, नवरा-बायकोचे दोन वेगळे हिशोब, मुलांसाठी गावातच वसतिगृह, आणि कोपीच्या जागी न्हाणीघरासह निवारा. नवे काही उभारणाऱ्यांनी सभासदांच्या यादीत कोण नाही, ते पहिल्याच दिवशी तपासावे, अशी माझी विनंती आहे.

अक्कलकुवा, नंदुरबार जिल्हा

नर्मदेच्या काठी, सरदार सरोवर धरणाविरुद्ध लढणाऱ्या नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळेत मी शिकलो आणि नंतर तिथेच शिकवले. ‘लडाई-पढाई साथ साथ’ ही घोषणा आम्ही रोज देत असू. गाव बुडणार असताना शाळा कशाला बांधता, असे पाहुणे विचारत. पावरी आणि भिलोरीतून सुरुवात करून मराठीत येणारी दुसरी शाळा आमच्या डोंगरात नव्हती, एवढे त्याचे उत्तर पुरेसे होते.

पुणे

माझी आई कचरावेचक. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, त्या काळात तिच्याकडे चोर म्हणून पाहिले जाई. पंचायतीने पहिली गोष्ट मिळवली ती ओळखपत्राची. ते कार्ड आई पदराच्या टोकाला बांधून ठेवत असे. पुढे घरोघरचा कचरा गोळा करण्याची कामे यांत्रिक गाड्यांना आणि कंपन्यांना जाऊ लागली, तेव्हा नुसते ‘आमचे काम काढू नका’ म्हणणे पुरेसे नव्हते. बायकांनीच ठरवले, की कुंडीतून वेचण्याऐवजी आपण दारातून कचरा घ्यायचा. त्यातून 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली.

आईसाठी हा बदल किती मोठा होता, ते मला शेडमध्ये कळले. पूर्वी ती कुंडीतल्या ओल्या घाणीतून पुठ्ठा ओढून काढत असे. आता सुका कचरा वेगळा मिळतो, त्यातून ती कागद, पुठ्ठा, काच, बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या झपाट्याने निराळ्या करते, आणि त्याच त्या बाटलीचे झाकण वेगळ्या ढिगात का टाकायचे ते मला समजावते, कारण दोन्हींचा भाव वेगळा असतो. सोसायटीतल्या घरांकडून दरमहा शुल्क मिळते आणि भंगाराचे पैसेही तिचेच असतात. उशिरा शुल्क देणाऱ्यांना ती आता स्वतः फोन करते.

मी समाजकार्याचे शिक्षण घेऊन याच क्षेत्रात काम करते आहे. सध्या आमच्या बैठकांत दोन मागण्यांचा मसुदा चालू आहे. वेष्टने बनवणाऱ्या कंपन्यांकडून कमी भावाच्या प्लॅस्टिकच्या हाताळणीचा मोबदला कचरावेचकांना थेट मिळावा, ही पहिली. आणि गुडघे व पाठ गेलेल्या बायकांना निवृत्तिवेतन मिळावे, ही दुसरी. दुसऱ्या मागणीसाठी वयाचा दाखला कोणता धरावा, यावर अडलो आहोत, कारण बहुतेकींकडे जन्माची नोंद नाही. माथाडी किंवा घरकामगारांच्या संघटनांत ज्यांनी हे काम केले असेल, त्यांनी कोणते कागद ग्राह्य धरले गेले ते इथे जरूर लिहावे.