सुरुवातीचा तो लांब ठोका

तुम्ही लिहिलंय की हाऊस म्हणजे क्लबमध्ये नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या या नव्या संकलनातल्या प्रत्येक ट्रॅकला पहिलं मिनिटभर नुसता ठोका आहे, गाणं सुरूच होत नाही. घरी ऐकताना असं वाटणारच. पण ते मिनिट ऐकणाऱ्यापेक्षा डीजेसाठी ठेवलेलं असतं. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) ३२ बार (चार-चार ठोक्यांचे गट) म्हणजे जवळपास ६२ सेकंद. आपल्या हिशोबात तीनतालाची आठ आवर्तनं! तेवढ्यात आधीचा ट्रॅक काढून नवा आत घ्यायचा, आणि दोघांची सम एकावर एक पडली पाहिजे.

परवा कोथरूडला मित्राच्या गच्चीवर यातले दोन ट्रॅक जोडून पाहिले. आधी जुन्याचा बेस (खालचा जड आवाज) उतरवला, मग नव्याचा चढवला. दोन्ही बेस एकदम राहिले की आवाजाचा चिखल होतो. इथे इतकं स्वच्छ बसलं की कठड्यावरचा चहाचा ग्लास फक्त किकलाच (ड्रमच्या जड ठोक्याला) थरथरत होता. मास्टरिंग (ट्रॅकच्या आवाजावरचा शेवटचा हात) मनापासून केलंय, छोट्या लेबलकडून हे मिळालं याचा फार आनंद झाला.

चौथा ट्रॅक मात्र मलाही लांबलेला वाटला, तिथे तुमच्याशी सहमत.

आणखी एक, शिकागोतल्या 'वेअरहाऊस' क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स वाजवायचे, 'हाऊस' हे नाव तिथूनच आलं असं मानतात. म्हणजे हे संगीत मुळातच डान्सफ्लोअरचं. जमलं तर एकदा मोठ्या स्पीकरवर ऐका, आणि आवडलं तर फाईल विकतच घ्या. स्ट्रीमिंगमधून स्वतंत्र लेबलच्या हाती फारच थोडं पडतं.