मदत हवी आहे: जुन्या थारला (2016, सीआरडीई) मोठे टायर आणि लिफ्ट, काळ्या मातीच्या पांदणीसाठी

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातला संत्र्याचा शेतकरी आहे. गाडी 2016 ची थार सीआरडीई 4x4, कंपनीच्याच 235/70 आर16 टायरवर (235 मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, 16 इंची रिम), मागे मेकॅनिकल लॉकर (एक चाक घसरलं तर दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) आहे, बाकी सगळं जसंच्या तसं. विषय फॅशनचा अजिबात नाही. आमचं घर वावरातच आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यावर पुढे जवळपास दोन किलोमीटर पांदण, त्यातला शेवटचा तुकडा तर नुसता धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जातो. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा अमरावतीला असतं आणि ते पाऊस आहे म्हणून पुढे ढकलता येत नाही, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायची गरज नाही.

उन्हाळ्यात काहीच त्रास नाही. जुलै लागला की ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडतात, मधे उंचवटा राहतो, आणि थारचं चाक चाकोरीत उतरलं की मागचा डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा) त्या उंचवट्यावर घासतो आणि गाडी पोटावर बसते. दुसरा त्रास म्हणजे गारा, म्हणजे चिकट चिखल. आपली काळी माती एकदा भिजली की टायरच्या नक्षीत बसते ती निघतच नाही, टायर गुळगुळीत होतो, आणि थोडं पुढे गेलं की चाक आणि मडगार्डच्या मधली जागा इतकी ठासून भरते की चाक फिरायलाच मागत नाही, मग खाली उतरून खुरप्याने तो गारा खरवडून काढायचा, तोवर बाबा आत बसून.

ट्रॅक्टरने काऊन नाही नेत असं कुणी विचारायच्या आधीच सांगतो, नेतो, लय वेळा नेलं. पण चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला पावसात ट्रॅक्टरवर बसवून आणायचं हे आता मला पटत नाही.

तर विचारपूस केली. एका ठिकाणी सांगितलं की पुढचे टॉर्शन बार (पिळाच्या स्प्रिंगचे दांडे) टाइट करून आणि मागे लांब शॅकल (पाट्याला चेसिसशी जोडणारी कडी) टाकून दोन इंच लिफ्ट देतो, म्हणजे गाडी उंच करतो, वर 265/75 चे मड टायर टाका, गाडी कुठेच अडकणार नाही. दुसरीकडे म्हणाले लिफ्ट नको, फक्त 245/75 आर16 टाका. तिसरा म्हणाला 235/85 आर16, उंच आणि अरुंद, चिखल कापत खालच्या कडक थरापर्यंत जातो. तिघंही खात्रीने बोलतात.

मी आपला हिशोब मांडला. आत्ताच्या टायरचा व्यास साधारण 735 मिलिमीटर येतो, 245/75 चा 774 आणि 235/85 चा 806. म्हणजे गोळ्याखाली जागा वाढणार त्याच्या निम्मी, पहिल्यात 19 मिमी, दुसऱ्यात 35. पाऊण इंचासाठी एवढा खर्च करावा का हा एक प्रश्न.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो कुठल्याच दुकानात कुणी मनावर घेतला नाही. बाबांच्या डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) आहे, त्या हातावर जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. थारच्या पुढच्या सीटवर चढताना माणूस आपोआप डाव्या हातानेच डॅशबोर्डवरचं हँडल धरून स्वतःला वर ओढतो. आत्ताच आम्ही प्लास्टिकचा स्टूल ठेवून, उजव्या बाजूने त्यांना धरून चढवतो. दोन इंच लिफ्ट अधिक मोठे टायर म्हणजे सीट अजून पावणेतीन ते सव्वातीन इंच वर जाणार. आणि गाडी आत्तापेक्षा जास्त आदळायला लागली तर ते मला चालणारच नाही, मग गाडी कितीही चिखल तुडवो.

म्हणून विचारतो: लिफ्ट न देता किंवा अगदी थोडी देऊन काम भागेल का? 245/75 विना लिफ्ट बसतो का, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? गाऱ्यासाठी एटी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) चालतील की मड टेरेनच (खास चिखलाचे) लागतील? आणि इन्शुरन्स, आरटीओचं काय? मागे फवारणीचा ड्रम, पाइप, कधी क्रेट असतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ सुरू झाली की फवारणीला गाडी लागतेच, हेही धरून सांगा.

—

परतवाड्याचा गॅरेजवाला:

दादा, तुम्ही हिशोब बरोबर मांडलाय, त्यात एक भर घालतो. थारला मागे सलग अ‍ॅक्सल आहे, गोळा अ‍ॅक्सलवरच आहे आणि अ‍ॅक्सल चाकाला धरून आहे. त्यामुळे मागे तुम्ही पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उंच करा, शॅकल लांब करा, ब्लॉक टाका, बॉडी आणि चेसिस वर जाईल पण गोळा आहे तिथेच राहणार. गोळा उचलतो तो फक्त टायर. तुमची गाडी गोळ्यावर बसते म्हणता, म्हणजे मागच्या लिफ्टने तुमचा मूळ त्रास सुटतच नाही. पुढे वेगळं आहे, पुढचा डिफरन्शियल चेसिसला आहे, तो लिफ्टने वर जातो. पण तुमची तक्रार पुढची नाहीच.

आता टॉर्शन बार. बार टाइट केला की स्प्रिंग कडक होतो असा समज आहे, तसं नसतं, फक्त उंची बदलते. पण उंची वाढली की अप्पर आर्म खालच्या स्टॉपरच्या जवळ जाऊन बसतो, मग खड्डा आला की चाकाला खाली यायला जागाच उरत नाही आणि गाडी धाडकन आदळते. लोकांना वाटतं सस्पेन्शन कडक झालं. वडिलांना घेऊन जायचंय तर हे करू नका. दोन इंच ओढला तर सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, आत गारा जातो आणि जॉइंट संपतो. बॉल जॉइंटही लवकर जातात. फार तर मडगार्डला जागा हवी म्हणून अर्धा-पाऊण इंच, आणि लगेच अलाइनमेंट.

लांब शॅकलचं सांगतो. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते, आणि गोळ्याचं तोंड फिरल्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, वेगात थरथर येते. मागे ड्रम ठेवून पाटे सपाट झाले असतील तर तुमची गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा आधीच खाली आलेली असेल. जॅक लावायच्या आधी एकदा सपाट जागी उभी करून मागे-पुढे चाकाच्या मधापासून मडगार्डपर्यंत टेप लावून मोजा. सात-आठ वर्षं वजन ओढलेल्या गाडीचे पाटे बदलले, बूश आणि शॉकअप नवीन टाकले तर उंची परत येते आणि चालही मऊ होते. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, आणि पाचशे किलोमीटर चालली की परत एकदा टाइट करून घ्या.

265 नको. रुंद टायर वाळूत चांगला, गाऱ्यात तरंगतो आणि मडगार्डही आधी भरतो. स्पेअर मागच्या दारावर लटकतो, त्याचंही वजन वाढतं, दाराच्या बिजागऱ्या बसतात.

—

झरीचा वावरवाला:

भाऊ, आमच्या गावात एकानं 235/85 टाकले हायेत. चिखलात लय मस्त जाते, पण डांबरीवर पाचव्या गिअरमधे गाडी ओढत नाही म्हणते, चढावर खाली गिअर घ्यावाच लागते. मीटरही कमी दाखवते. तुमची गाडी आठवड्यातून दोनदा अमरावतीले जाते, तर तुमाले 245/75 च बरा. नव्या थारच्या एका मॉडेलले कंपनीच तो टायर देते, म्हणून भेटतेही सहज.

अन् हवा कमी करा राजेहो! पांदणीच्या तोंडाशी 18-20 पीएसआयवर आणा, डांबरी लागली की लहान कॉम्प्रेसरनं भरा. याचा फरक तुमाले पहिल्याच दिवशी दिसन. 15 च्या खाली नका जाऊ, टायर रिमवरून सुटते. चाकोरीत नका उतरू, एक चाक मधल्या उंचवट्यावर अन् एक काठावर ठेवून चाला, जिथं जमते तिथं.

—

आरटीओच्या कामातला:

कायद्याचं तेवढं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. लिफ्ट दिली तर तुम्ही सरळ यात येता. टायरसाठी इन्शुरन्स कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या हो ला क्लेमच्या वेळी किंमत नसते. 2016 च्या गाडीला एबीएस नाही, टायर जड झाला की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा ब्रेक शू आणि पॅड त्याच वेळी तपासून घ्या.

एक सुचवू का? तो धुऱ्यावरचा तुकडा मुरूम टाकून पक्का करता येत नाही का?

—

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. मुरुमाचं म्हणाल तर पांदणीच्या भागात आम्ही चार घरांनी मिळून टाकलाय आणि तिथे गाडी जाते. धुऱ्याचा तुकडा शेजाऱ्याच्या हद्दीला लागून आहे, त्याची हरकत आहे, जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली (हद्दीवरून वाट मिळण्यासाठी) तहसीलला अर्ज दिलाय, निकाल यायचाय. तोवर तिथे एक पाटीही टाकता येत नाही म्हणून सगळा भार गाडीवर.

आज टेप लावून मोजलं. मागे उजवी बाजू डावीपेक्षा जवळपास सव्वा इंच खाली आहे, ड्रम नेहमी त्याच बाजूला ठेवतो. गॅरेजवाले दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं, पाटे बसलेत, एक पाटा टोकाला तडकलेलाही दिसतोय. तर ठरवलंय असं, लिफ्ट रद्द. मागचे पाटे, बूश, चारही शॉकअप कंपनीच्या मापाचे नवीन. इन्शुरन्सला आजच मेल टाकला, तिकडून लेखी हो आलं की 245/75. पायरी म्हणून दाराखाली जिथे चेसिसला बोल्ट घेता येतो तिथे घडीची लोखंडी पायरी आणि दाराच्या मागच्या खांबाला उजव्या हातासाठी एक हँडल बसवून घेतो, म्हणजे बाबांचा डावा हात मोकळा राहील.

मड टेरेन की एटी हे मात्र अजून ठरत नाही. मड टेरेनच्या मोठ्या नक्षीतून गारा लवकर सुटतो हे पटतं, पण महिन्यातले बहुतेक किलोमीटर डांबरीवरचे, पावसात ओल्या डांबरीवर ते ब्रेकला कसे वागतात? ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगा. आणि कुणाच्या जुन्या सीआरडीईला 245/75 विना लिफ्ट बसवलेले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतल्या बाजूला किती बोटं जागा राहते त्याचा फोटो टाका, मृगाच्या आधी काम उरकायचंय.