मदत हवी आहे: सततच्या छळानंतर घडलेला खून, निकालांचे संदर्भ हवेत

ओळखीतल्या एका ताईंवर नवऱ्याच्या खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालू आहे. वर्षानुवर्षं मारहाण झाली, पण सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर दरवेळी 'पाय घसरून पडली' एवढंच. शेजारणींना सगळं ठाऊक आहे, साक्षीला मात्र कोणी येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१९च्या कायद्याने अशा पीडितेची शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशांना मिळाली. आपल्याकडे खुनाला किमान जन्मठेप, म्हणजे कलमच खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधावर (कमी शिक्षेच्या गुन्ह्यावर) आलं तरच काही दिलासा. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये साचत गेलेला प्रक्षोभ (एका क्षणाचा नव्हे, तर सततच्या छळाने वाढत गेलेला संताप) मान्य केला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे असे निकाल कोणाला माहीत आहेत का? आणि या केसपेपरांमागचं खरं कारण कोर्टापुढे कसं आणायचं? फौजदारी वकिलांनी कृपया सांगा, बचावाचे साक्षीदार लवकरच तपासायचे आहेत.