विषय: शनिवारची फिलाडेल्फिया फेरी – हॅमिल्टन नको, विल्सन घ्या

मंडळी, नमस्कार.

फेरीत अमेरिकेच्या कुठल्या संस्थापकाची गोष्ट सांगायची, त्यासाठी मेधाने नावं मागितली आणि तासाभरात सात जणांनी अलेक्झांडर हॅमिल्टन लिहिला. बाहेरून आलेला, वकील झालेला, थेट अर्थमंत्री. सगळं खरं, पण त्याला आपल्या शिफारशीची गरज उरलेली नाही. माझं मत जेम्स विल्सनला.

स्कॉटलंडमधल्या फाइफचा, शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १७४२. सेंट अँड्र्यूजला शिकला, १७६५ च्या सुमारास इकडे आला, फिलाडेल्फियाच्या कॉलेजात लॅटिन शिकवलं, जॉन डिकिन्सनच्या हाताखाली कायदा शिकला आणि पुढे रेडिंग आणि कार्लाइलला वकिली केली. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान, दोन्हींवर सह्या करणारे सहाच जण. हा त्यातला एक.

पण मला तो आवडतो तो ९ ऑगस्ट १७८७ च्या दिवसामुळे. संविधान सभेत वाद चालला होता की परदेशात जन्मलेल्या माणसाला सिनेटर व्हायला किती वर्षांची नागरिकता हवी. गव्हर्नर मॉरिस म्हणाला, चौदा. (गव्हर्नर हे त्याचं नावच हो, पद नव्हे.) तेव्हा विल्सन उभा राहिला. म्हणाला, माझा जन्म इथला नाही. हे असंच चाललं तर जे संविधान मी लिहायला बसलोय, त्याच्याखाली मलाच पद मिळायचं नाही. आणि मग स्वतःचा अनुभव सांगितला. मेरीलँडला राहायला गेला तेव्हा वास्तव्य पुरेसं नाही म्हणून काही पदांना तो अपात्र ठरला होता. ती पदं त्याला नकोच होती, दिली असती तरी घेतली नसती. तरी तो सल गेला नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढलेल्यांना हा सल वेगळा समजावून सांगायला नको.

चौदा वर्षं फेटाळली गेली. शेवटी सिनेटला नऊ आणि प्रतिनिधिगृहाला सात वर्षं ठरली.

– अनिलकाका

---

काका, गोष्ट छान आहे, पण अर्धीच सांगितलीत. त्याच सभेत ११ जूनला याच विल्सनने तीन-पंचमांशाचा ठराव मांडला. गुलामांना मत नाही, पण त्यांची मोजणी तीन-पंचमांश धरायची आणि तेवढ्या जागा मालकांच्या राज्यांना वाढवून द्यायच्या. स्वतःला वास्तव्याचा नियम टोचतो, आणि इथे माणसाचे पाचातले तीन भाग? मुलांना फेरीत हेही सांगायचं.

– मेधा

---

मेधा, सांगायचंच. माझ्याकडून ते राहिलं, लपवलं नव्हतं. पुढे ११ जुलैला तो स्वतःच सभेत म्हणाला की हे प्रमाण कुठल्या तत्त्वावर बसतं ते मला नीटसं दिसत नाही. तत्त्व दिसत नाही, पण तडजोडीवाचून गत्यंतर नाही, असा एकंदर सूर. माणूस वकील होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी. राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडावा, सिनेटही लोकांनीच निवडावी, असं तो त्या खोलीत बोलत होता. सिनेटचं जमायला १९१३ उजाडलं, राष्ट्राध्यक्षाचं अजून जमलेलं नाही. ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होणारा एक कच्चा मसुदा त्याच्या हस्ताक्षरात आजही आहे. आपल्या घटनेतलं ‘आम्ही, भारताचे लोक’ शाळेत पाठ केलेल्यांना तो बघताना काहीतरी वाटेलच.

– अनिलकाका

---

काका, मग तो एवढा अपरिचित का? आणि पार्किंग कुठे?

– हेमंत

---

हेमंत, पार्किंगचं मेधा बघतेय.

अपरिचित का, तर त्याचा शेवट कुणाला मिरवण्यासारखा वाटला नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टनने त्याला सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. सरन्यायाधीशच करा असं त्याने आधी स्वतः पत्र लिहून सुचवलं होतं, ते झालं नाही. पण जमिनीचा नाद. कर्ज काढून जमिनी घेतल्या, भाव कोसळले आणि घेणेकरी मागे लागले. न्यायमूर्तीच्या पदावर असतानाच न्यू जर्सीत बर्लिंग्टनच्या तुरुंगात कर्जापायी कोंडला गेला, पुढे नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा. २१ ऑगस्ट १७९८ ला तिथल्याच एडंटनला वारला, वय ५५. पद तेव्हाही सुटलं नव्हतं. तिकडेच पुरलं. १९०६ मध्ये अवशेष फिलाडेल्फियाला आणले.

एक सूचना. फ्रँकलिनची कबर पाचव्या रस्त्यावरच्या दफनभूमीत आहे, लोक तिच्यावर पेनी टाकतात. विल्सन तिथे नाही. तो दुसऱ्या रस्त्यावर, क्राइस्ट चर्चच्या अंगणात आहे. दोन्ही जागा त्याच चर्चच्या, म्हणून गोंधळ होतो. वाटेत थर्ड आणि वॉलनटच्या कोपऱ्यावर थांबू. तिथे त्याचं घर होतं. राजनिष्ठांची, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्यांची, वकीलपत्रं घेतो म्हणून आणि महागाईच्या रागात ४ ऑक्टोबर १७७९ ला लोकांनी त्यावर हल्ला केला, गोळीबारात दोन्हीकडची माणसं मेली. घर आता नाही.

डबे आपापले आणा. मी थालीपीठ आणतोय, लोणचं कुणीतरी बघा.

– अनिलकाका