आर्वो पार्ट यांचं साधेपण

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांच्याबद्दल ‘पार्ट यांचं वृंदगान शांत वाटतं, पण त्यात फारसं काही घडत नाही’ असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. तो साधेपणा त्यांनी फार कष्टाने मिळवलाय. १९६८ मध्ये, सोव्हिएत राजवटीतल्या एस्टोनियात, ‘क्रेडो’ या वृंदगानाच्या रचनेतून त्यांनी ख्रिस्तावरची श्रद्धा उघडपणे गायला लावली आणि सरकारी रोष ओढवून घेतला. पुढची काही वर्षं फार थोडं लिहिलं. जुनं चर्चगायन मात्र मुळापासून अभ्यासलं. १९७६ मध्ये त्यातून ‘टिंटिनाबुली’ ही शैली आली.

तिची गंमत अशी: एक आवाज स्वरांच्या पायऱ्या एकेक करून चढतो-उतरतो, दुसरा फक्त तीनच स्वरांवर फिरतो. आपल्या भाषेत बऱ्याचदा सा, कोमल ग आणि प. दोन्ही जवळ येतात तेव्हा क्षणभर बोचतं, मग सुटतं. घंटेचा नाद मागे रेंगाळावा तसं. ख्रिस्ताच्या यातनांची कथा गाणाऱ्या त्यांच्या ‘पासिओ’त (१९८२) तर शब्दात अक्षरं किती, यावर सुरावट किती लांब जाणार ते ठरतं.

हेडफोन लावून ‘पासिओ’ सलग ऐका, साधारण सत्तर मिनिटं. शेवटचा उजळ कोरस मध्येच उडी मारून ऐकू नका, त्याआधीचा संयम सोसल्याशिवाय तो कळत नाही.