राजघराण्यांचे दागिने लिलावात पाहिले. आता आमच्या घरच्या पदकाचं काय करू?

म्हार्दोळची_जाई:
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

माझी मुलगी दागिन्यांचं डिझाइन शिकते. तिच्यामुळे गेले काही दिवस मीही जुन्या लिलावांचे कॅटलॉग चाळतेय. २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाने कतारच्या राजघराण्यातल्या अल थानी संग्रहातल्या जवळपास ४०० वस्तू विकायला काढल्या. बहुतेक सगळं आपल्याकडच्या राजेमहाराजांचं आणि मोगलांचं. एकूण विक्री १० कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेली. त्यात शहाजहानची एक कट्यार होती, यशबाच्या, म्हणजे जेडच्या, मुठीची. मुठीवर एका तरुणाचं डोकं कोरलेलं. ना हिरा, ना माणिक, आणि किंमत ३३ लाख ७५ हजार डॉलर! अर्काटच्या नबाबाने इंग्लंडच्या राणी शार्लटला दिलेला १७ कॅरटचा हिरा त्याच दिवशी तेवढ्याच किमतीला गेला. दगड कोरून केलेली मूठ आणि गोवळकोंड्याचा हिरा एकाच भावाला कसे गेले, ते मला अजून उमजलेलं नाही.

आता आमच्या घरचं. सासूबाईंकडे एक पदक आहे, त्यांना त्यांच्या सासूकडून आलेलं. मूळ पुरुष सोंदेकर राजांच्या पदरी लिहिणावळीला होते आणि पदक तिकडून मिळालं, असं घरात सांगतात. हैदर अलीने घाटावरचं, आता कर्नाटकात असलेलं सोंदे घेतल्यावर राजे आपल्या गोव्यातल्या फोंडे महालात आले, त्यांचा वाडा बांदोड्याला, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. पदक तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. पुढे सात हिरवे खडे, खाली एक लोंबता मोती. गोफ रेशमाचा, विटलेला.

गेल्या महिन्यात एका पेढीवर दाखवलं. तिथल्या माणसाने वजन केलं, एका खड्याच्या कडेला सुई टोचली आणि म्हणाला, "सोनं जेमतेम सव्वा तोळा, बाकी लाख. मोडीत घाला, चांगली चेन होईल." सासूबाईंनी पदक त्याच्या हातातून काढून घेतलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या लिलावांत किमती ठरतात कशा? आमच्यासारख्यांच्या घरातल्या वस्तूला तिथे काही अर्थ आहे का? आणि हे खरंच जुनं आहे की नाही, हे घरच्या घरी कसं कळेल?

शेट_म्हापसा:
बाय, आधी एक काम कर. ते पदक पाण्यात घालू नकोस. रिठा नको, साबण नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. कोणी मशीनमध्ये घालून धुऊन देतो म्हणाला तरी देऊ नकोस. कारण खाली सांगतो.

आम्ही तीन पिढ्या याच धंद्यात. तू सांगतेस ते काम कोंदणाचं, कुंदनाचं दिसतंय. यात खड्याला पकडायला नख्या नसतात. आत पोकळ सोन्याचं घर, त्यात लाख भरलेली, लाखेवर चांदीचा पातळ चकचकीत पत्रा, त्यावर खडा. मग अगदी शुद्ध सोन्याच्या बारीक पट्ट्या खड्याच्या कडेने पोलादी सळईने दाबत न्यायच्या. शुद्ध सोनं दाबानेच एकमेकांना धरतं, त्याला आग लागत नाही, डाक लागत नाही. म्हणून वजनाला सोनं कमी भरतं. पेढीवरचा माणूस वजनाचं बोलला ते खरं असेल, पण त्याने तुला फक्त वजनच सांगितलं. आणि सुई टोचली ते फार वाईट केलं. तिथून दमट हवा आत गेली की पत्रा काळा पडतो. खडा वरून कितीही पुसला तरी मग मेल्यासारखा दिसतो. आपल्या पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

आता पदक उलटं कर. तू कॅटलॉग बघितलेस म्हणतेस, त्यात मागच्या बाजूचा फोटो जवळजवळ प्रत्येक वेळी असतो. बनावट करणारा पुढच्या बाजूला जीव ओततो, मागे कंटाळतो. मागे मिना आहे का? असेल तर भिंगातून कडा बघ. जुन्या कामात सोनं आधी कोरून खळगा करतात, मग रंग भरून भट्टीत घालतात. त्यामुळे रंग आणि सोनं एका पातळीत येतं, बोट फिरवलं तर अडत नाही. आणि जिथे पदक छातीला घासलं असेल तिथला मिना झिजलेला असेल. सगळीकडे सारखा झिजला असेल तर शंका घे.

खड्यांचं मात्र आशेवर जाऊ नकोस. मागे पत्रा असला की हिरवी काचही पाचूसारखी दिसते, आणि राजांच्या दागिन्यांतही काच, स्फटिक सापडतात. खरा पाचू असेल तर भिंगात आत शेवाळासारखं काहीतरी दिसेल. निर्मळ, बुडबुडे असलेला दिसला तर काच समज.

पाचू निघाला तर त्याचा प्रवास मोठा. ते खडे बहुतेक कोलंबियाच्या खाणींतले असतात. स्पॅनिशांनी काढले, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या जुन्या गोव्यात उतरले आणि इथून घाट चढून दख्खनला, मोगलांकडे गेले. २००१ साली लंडनला एक कोरीव पाचू विकला गेला, २१७ कॅरटचा, एका बाजूला अरबी अक्षरं, दुसऱ्या बाजूला फुलं. त्यावर हिजरी ११०७ कोरलेलं आहे, म्हणजे औरंगजेबाचा काळ. त्याला २२ लाख डॉलर आले. असे किती खडे मांडवीच्या धक्क्यावरून गेले असतील!

तुझा पहिला प्रश्न किमतीचा. कट्यारीवर शहाजहानचं नाव आणि सन आहे. मूठ बहुधा जहांगीरच्या काळातली, पातं मुलाचं, आणि चारशे वर्षांत कोणी ती मोडली नाही. हिरा पैलू पाडून पुन्हा नवा करता येतो. ती मूठ पुन्हा कोण कोरणार? त्या किमतीत खरेदीदाराने लिलावगृहाला वरून द्यायची रक्कमही धरलेली असते, म्हणजे विकणाऱ्याच्या हातात सगळं पडत नाही, हेही लक्षात ठेव.

मी १९८६ साली एक बाजूबंदाची जोडी मोडीत घातली. डिचोलीचं घराणं, वाटणी चालली होती, तीन भावांना सारखं सोनं हवं होतं. मागे पांढऱ्या मिन्यावर लाल फुलं होती, पाकळीला गुलाबी छटा. मी वडलांना म्हटलं, थांबूया. ते म्हणाले, गिऱ्हाइकाचं सोनं, गिऱ्हाइकाची मर्जी. मुशीत मिना फुटून काळी खळ झाली आणि वर तरंगली, ती मी चिमट्याने काढून टाकली. साडेचार तोळे सोनं निघालं. त्या जोडीचा एक फोटोही माझ्याकडे नाही. म्हणून एवढं लिहितोय.

बडोद्याची_माहेरवाशीण:
शेटकाका, शेवटचं वाचून पोटात कालवलं. मी बडोद्याची, लग्न होऊन मडगावला आले. आमच्याकडच्या मोत्यांचंही असंच झालं. गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार होता. २००७ साली न्यूयॉर्कला त्यातल्या मोत्यांचा दोन पदरी हार आला, ६८ मोती, ७१ लाख डॉलर. लोक किंमत बघतात, मी उरलेले पदर शोधत बसते. खंडेराव महाराजांनी मदिनेला अर्पण करायला मोत्यांचा गालिचा करवला होता, बसऱ्याचे बारीक मोती, पंधरा लाखांच्या आसपास. महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तोही परदेशी गेला आणि २००९ ला दोह्याच्या लिलावात ५५ लाख डॉलरच्या आसपास विकला गेला. आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. निदान अखंड आहे.

पतियाळाच्या महाराजांच्या हाराचं तर विचारू नका. पॅरिसच्या कार्तिए पेढीने १९२८ मध्ये घडवलेला तो हार १९९८ ला लंडनमध्ये सापडला तेव्हा त्यातले मोठे हिरे निघून गेले होते, नुसता सांगाडा होता.

मांडवीकाठ:
हे सगळं परत यायला हवं असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्र सरकारने गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजारांना घेतली, ऑगस्टमध्ये मुंबईत आली. फोटो बघताना अंगावर काटा आला. निजामाचे दागिने केंद्राने १९९५ ला २१८ कोटींना घेतले, १७३ नग, त्यात १८४ कॅरटचा जेकब हिरा. तेवढ्याने भागतं का?

शेट_म्हापसा:
बरं झालं तलवारीचं काढलंस. तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'फिरंग' असा शब्द आहे. फिरंग म्हणजे युरोपातलं सरळ पातं. आपल्या राजांना ती पाती आवडायची, मूठ इथे बसवून घ्यायचे. हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांवरून आला. तेव्हा ती तलवार निम्मी परदेशी जन्माची आहे, आणि तरी ती आपलीच.

निजामाच्या दागिन्यांचं मला समाधान नाही. परदेशी गेले नाहीत हे चांगलंच झालं, पण रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत पडून असतात, मोजक्याच वेळा लोकांना दाखवले. दागिना अंधारात ठेवायचा नसतो. जुन्या गोव्यातल्या बों जेझू चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरची चांदीची पेटी बघ, १६३६-३७ ची, गोंयच्या कारागिरांनी घडवलेली. शंभर वेळा बघितली तरी मी तिच्याखाली मान वर करून उभा राहतो. ती जागेवर आहे, म्हणून माझ्या नातवाला काम दाखवता येतं.

पणजीचा_वकील:
कायद्याचं थोडक्यात सांगतो, ताई. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, तो १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. न्यूयॉर्क, जिनिव्हाला जे दिसतं त्यातलं बरंचसं फार पूर्वीच बाहेर गेलेलं असतं. तेव्हा परदेशी लिलावाचा विचार सोडा, आणि कोणी 'मी नेऊन देतो' म्हणाला तर त्याच्याशी बोलणंच थांबवा. देशातल्या देशात विकता येतं, पण पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो, तो आधी बघा. मुंबईत लिलावगृहंही आहेत.

पण माझा मुद्दा दुसरा. लिलावात वस्तूइतकीच तिच्या प्रवासाची किंमत असते, आणि त्यात आपण गोंयकार नशीबवान आहोत. आपल्याकडे कोणी वारलं की पोर्तुगीज काळापासून इन्व्हेंटारिओ होतो. वारसांत वाटायची एकूण एक वस्तू कागदावर लिहिली जाते, सोन्याच्या दागिन्यांसकट, वजन आणि किंमत घालून. आजेसासूबाईंच्या किंवा त्यांच्या सासूच्या वेळचा कागद घरात शोधा. जुन्या पेटीत, देवघराच्या फडताळात. घरात नसेल तर नोटरीच्या जुन्या वह्या आणि पुराभिलेख आहेत. 'राजाकडून मिळालं' असं तोंडी सांगणं वेगळं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर त्या पदकाची ओळ सापडणं वेगळं.

म्हार्दोळची_जाई:
सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय, कारण घरभर शोधाशोध चालली होती.

शेटकाका, काल दुपारी मुलीने आणि मी खिडकीशी बसून पदक उलटं केलं. मागे मिना आहे! हिरव्यावर पांढरी चाफ्यासारखी फुलं, मध्ये एक पोपट. बोट फिरवलं, कुठेही अडलं नाही. खालच्या डाव्या बाजूला मिना झिजून सोनं दिसतंय, फक्त तिथेच. सासूबाई म्हणाल्या, आमच्या आत्याबाईंना पदक डावीकडे झुकवून घालायची सवय होती. सात खड्यांपैकी पाचांत शेवाळ दिसलं. एक अगदी स्वच्छ आहे, आत गोल बुडबुडा, तो काचेचाच असणार. सातवा काळवंडलाय. सुई टोचली होती तोच.

वकीलबाब, कागद मिळाला. सासऱ्यांच्या ट्रंकेत, १९२७ चा, पोर्तुगीजमध्ये. शेजारच्या वृद्ध बाईंनी वाचून दिला. अकराव्या ओळीत सोन्याचं पदक, सात 'पेद्राश व्हेर्दिश' म्हणजे हिरवे खडे, एक मोती, रेशमाचा गोफ. सोंदेकरांचं नाव कुठेच नाही. थोडं वाईट वाटलं. सासूबाईंना नाही वाटलं. कागदावर त्यांच्या सासूच्या नावासमोर ते पदक लिहिलेलं आहे, ती ओळ त्यांनी तीनदा वाचून घेतली.

विकायचं नाही असं ठरलं. पण तो सातवा खडा आणखी बिघडू नये असं वाटतं. काका, तुमच्याकडे घेऊन आले तर बघाल का?

शेट_म्हापसा:
ये. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, त्या दिवशी नको. बुधवारी सकाळी ये, उजेड चांगला असतो. खडा मी काढणार नाही, टोचलेली फट तेवढी दाबून बंद करता येते का ते बघतो. आत किती काळं झालंय त्यावर ठरेल. पत्रा बदलायचा म्हटला तर कोंदण उघडावं लागतं, ते तुझ्या सासूबाईंना विचारल्याशिवाय नाही. त्यांनाही घेऊन ये.

पदक कापसात गुंडाळू नकोस, तंतू कोंदणाच्या कडेत अडकतात. जुन्या मऊ मलमलीच्या तुकड्यात ठेव. गोफ धुऊ नकोस. आणि त्या १९२७ च्या कागदाची झेरॉक्स आण, मला ती अकरावी ओळ बघायची आहे.