स्टार ट्रेक आणि डॉक्टर हू एकाच दुनियेत घडतात का?

रावपुऱ्याचा_विनू
नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा. गेले काही महिने रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही भावंडं मिळून स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन मालिकेचं 'नेक्स्ट जनरेशन' हे नंतरचं पर्व बघतोय. पहिल्या सीझनचा शेवटचा एपिसोड आहे ना, 'द न्यूट्रल झोन', त्यात क्लेअर रेमंड नावाची बाई शेकडो वर्षं गोठवून ठेवलेली असते, तिला जागं केल्यावर तिची वंशावळ कॉम्प्युटरवर शोधतात. त्या वंशावळीत डॉक्टर हू या बीबीसीच्या मालिकेतल्या नटांची नावं आहेत असं कॉलेजात एका मित्राने सांगितलं होतं. परवा तिथे आलो, पॉज केलं, टीव्हीला नाक लावून एकेक ओळ वाचली, मग मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला, एक नाव सापडेल तर शपथ. बहीण म्हणते मित्राने थाप मारली. खरं काय आहे? आणि या दोन्ही गोष्टी एकाच दुनियेत घडतात असं कुठे दाखवलंय का?

मांडवीचा_टाइमलॉर्ड
थाप नाही रे, मित्र बरोबर आहे. तू एचडीवाला बघतोयस. १९८८ साली एपिसोड आला तेव्हा त्या यादीत विल्यम हार्टनेल, पॅट्रिक ट्राउटन, जॉन पर्टवी, टॉम बेकर, पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर अशी पहिल्या सहाही डॉक्टरांची नावं होती (डॉक्टर हूचा नायक 'डॉक्टर' रूप बदलत राहतो, म्हणून नटही बदलतात). जुन्या डबा टीव्हीवर इतकी बारीक अक्षरं कोण वाचणार, म्हणून सेट करणाऱ्यांनी हौसेने घातली. पुढे एचडी करताना तो पडदा नव्याने बनवला आणि नावं बदलून टाकली. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती एका मालिकेच्या लोकांनी दुसऱ्या मालिकेला दिलेली दाद होती. जुनी डीव्हीडी कोणाकडे मिळाली तर बहिणीला दाखव.

दुनिया मात्र एक नाही. डॉक्टर हूच्या जगात स्टार ट्रेक हा टीव्हीवरचा कार्यक्रम आहे. २००५ च्या 'द एम्प्टी चाइल्ड'मधे डॉक्टरची सोबतीण रोझ कॅप्टन जॅकला त्याचं नाव चक्क स्टार ट्रेकमधल्या पात्राचं, मिस्टर स्पॉक असं सांगते, २००६ च्या 'फिअर हर'मधे डॉक्टर बोटं फाकवून स्पॉकच्या जमातीचा व्हल्कन नमस्कार करतो, आणि २०१७ चा 'ऑक्सिजन' तर स्टार ट्रेकच्या सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध वाक्यानेच उघडतो. पण २०२४ च्या 'स्पेस बेबीज'मधे सोबतीण रूबी जेव्हा विचारते की हे स्टार ट्रेकमधल्या, माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरसारखं आहे का, तेव्हा डॉक्टर म्हणतो त्यांच्याकडे एकदा जायला पाहिजे. म्हणजे दार थोडं किलकिलं ठेवलंय.

जुना_दांडियाबाजारकर
वाचून फार बरं वाटलं बाळांनो. आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता, वरच्या मजल्यावर, आणि दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं तेव्हा आम्ही आंघोळी उरकून सतरंजीवर जाऊन बसायचो, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे स्पॉकचा शर्ट निळा आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि तेव्हा मी बराच वेळ त्या निळ्याकडेच बघत राहिलो होतो.

एक गोष्ट सांगतो जी मला त्या नावांपेक्षाही मोलाची वाटते. १९६९ च्या जूनमधे बीबीसीवर डॉक्टर हूचा सीझन संपला, दुसरा डॉक्टर गेला, आणि १२ जुलैला शनिवारी संध्याकाळी त्याच वेळेला बीबीसीने स्टार ट्रेक सुरू केलं. म्हणजे इंग्लंडातली पोरं डॉक्टरची वाट बघत टीव्हीसमोर बसली आणि समोर आला स्टार ट्रेकचा कॅप्टन कर्क. अमेरिकेत तर स्टार ट्रेक जूनमधेच बंद पडलं होतं. तिथे संपलं आणि इथे नवं घर मिळालं ते डॉक्टरच्या खोलीत, मला तरी खरं नातं हे वाटतं.

सुरसागर_सानिका
काका, निळ्या शर्टाचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

कॉमिकचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. २०१२ साली आयडीडब्ल्यू या अमेरिकन प्रकाशकाने आठ अंकांचं कॉमिक काढलं, त्यात अकरावा डॉक्टर आणि त्याचे सोबती एमी आणि रोरी थेट 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या कॅप्टन पिकार्डच्या एंटरप्राइज या अंतराळयानावर पोचतात. डॉक्टर हूमधले सायबरमेन आणि स्टार ट्रेकमधले बोर्ग, दोन्ही अर्धे माणूस अर्धे यंत्र, आधी हातमिळवणी करतात आणि मग सायबरमेन बोर्गनाच गिळायला निघतात. बोर्गना मदत करायची म्हटल्यावर पिकार्ड जो अडून बसतो ना, बोर्गनी त्याला स्वतःला पकडून आपल्यातलाच एक करून टाकलं होतं ते आठवलं की तो हट्ट पटतो.

आणि बोर्ग म्हणजे सायबरमेनची नक्कल असं सगळे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. सायबरमेन १९६६ चे, किट पेडलर हा वैज्ञानिक ते घडवण्यात होता आणि माणूस एकेक अवयव बदलत गेला तर शेवटी उरेल काय ही त्याची भीती होती. बोर्ग आले १९८९ ला, ते आधी किड्यांसारखे दाखवायचे होते पण खर्च परवडेना म्हणून यंत्रमानव झाले. सायबरमनचं दुःख एकट्याचं आहे, भावना कापून टाकलेल्या माणसाचं. बोर्गमधे 'मी'च शिल्लक राहत नाही. दिसायला सारखे, पण भीती वेगवेगळी.

मांडवीचा_टाइमलॉर्ड
सानिकाताई पटलं, मी आजपर्यंत नक्कलच समजत होतो. आपल्याकडचे धागेही आहेत बरं का, डॉक्टर हूचा १९६३ चा पहिलावहिला एपिसोड दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौचे. स्टार ट्रेकच्या १९७९ च्या सिनेमातली इलिया म्हणजे मुंबईची पर्सिस खंबाटा. आणि भारतीय आईबापांचा दीप रॉय दोन्हीकडे आहे, १९७७ ला डॉक्टर हूमधे मिस्टर सिन, २००९ ला स्टार ट्रेकमधे कीन्सर.

रावपुऱ्याचा_विनू
सगळ्यांचे मनापासून आभार, बहिणीला सगळं वाचून दाखवलं, मित्राला आता मीच सेव उसळ खायला घालणार असं ती म्हणते. शनिवारी आधी सायबरमेनचा 'द टेन्थ प्लॅनेट' आणि मग बोर्गचा 'क्यू हू' लागोपाठ बघायचं ठरलंय.

सुरसागर_सानिका
टेन्थ प्लॅनेटचा चौथा भाग हरवलेला आहे, तेवढा अ‍ॅनिमेशनमधे बघावा लागेल, पण सोडू नकोस, पहिला डॉक्टर तिथेच जातो.